बेचाळीस काठ्या

वोपकेने ट्रॅक्टरमधला टॅब्लेट माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "अभिनंदन, हिस्के. यंदा माझ्या कुरणात एकही पक्षी नाही. सरळ रेषेत कापत सुटतो."

मला वाटलं, चेष्टा करतोय. चेष्टा केल्याशिवाय वोपके कापणीला हातच घालत नाही. पण नकाशा खरोखर रिकामा होता. गोठ्यामागची तीन कुरणं, त्यांच्यामधले पाण्याचे चर, कोपऱ्यातला लाकडी पूल, सगळं जागच्या जागी होतं. नव्हत्या त्या फक्त लाल काठ्या. सोमवारी मी स्वतः मोजल्या होत्या: बेचाळीस. एक काठी म्हणजे एक घरटं.

मी नकाशाचं पान पुन्हा उघडलं. मग माझ्या फोनवर उघडलं. शेजारच्या गावातल्या कुरणांवर काठ्या दिसत होत्या. वोपकेच्या कुरणांवर नव्हत्या.

"कापणी किती वाजता?" मी विचारलं.

"दोनला सुरू. चारला गवत उचलणारी यंत्रं येतायत." त्याने पश्चिमेकडे मान केली. "उद्या दुपारपासून पाऊस, मग पाच दिवस पाऊसच. आधीच एकदा पुढे ढकललीये. आता नाही जमायचं."

"आणि नकाशा आला नाही तर?"

त्याची चेष्टा संपली. "दोनपर्यंत थांबतो," तो म्हणाला. "त्यापुढे मला थांबता येणार नाही, तुला माहितीये."

मला माहीत होतं. साडेदहा वाजले होते. गवत गुडघ्याच्या वर गेलं होतं आणि त्याच्या तळाशी कुठेतरी बेचाळीस घरटी होती, बहुतेकांत चार-चार अंडी. कापणीचं यंत्र नऊ मीटर रुंद आहे. आत बसलेल्याला टिटवी दिसत नाही, आणि पक्षीण शेवटच्या क्षणापर्यंत अंड्यांवरून हलत नाही.

यिल्सुममध्ये काठीचा रिवाज जुना आहे. कापणीच्या आदल्या दिवशी पक्षीराखे, म्हणजे आमच्या मंडळातले स्वयंसेवक, कुरणात उतरतात, प्रत्येक घरट्यापासून चार पावलांवर बांबूची काठी रोवतात, शेतकरी काठी दिसली की पातं उचलतो. कापणी झाली की त्याच संध्याकाळी काठ्या उपटायच्या. आणि कापणी पुढे ढकलली गेली, तर अंधार पडायच्या आत उपटायच्याच, कारण कावळ्यांना दोन दिवसांत कळतं की काठी तिथे अंडी. हे आमच्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं.

मागच्या वर्षी हे कोल्ह्यालाही कळलं. एका आठवड्यात एकोणीस घरटी गेली. म्हणून जानेवारीच्या सभेत ठरलं, यंदा कुरणात काठी नको, काठी फक्त पडद्यावर. घरट्याची जागा फोनवरून नोंदवायची, ती थेट ट्रॅक्टरमध्ये दिसेल. हे तयार कोण करणार, असं विचारल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुग्धालयाच्या प्रयोगशाळेत दुधातली प्रथिनं मोजते. तिथल्या नोंदींचा कार्यक्रम मीच लिहिलाय, एवढीच माझी पात्रता. मी तीन महिने शनिवार-रविवार बसून ती वेबसाइट लिहिली. नकाशावर घरट्याच्या जागी नुसता ठिपका कोरडा वाटला, म्हणून मी बांबूची एक छोटी लाल काठी रेखाटली. सगळ्यांना ती फार आवडली.

मी गेर्लोफना फोन लावला. गेर्लोफ आमच्या मंडळाचे प्रमुख, वय चौऱ्याहत्तर, अजून लांब दांड्याचा आधार घेऊन चरांवरून उडी मारणारे. वोपकेची कुरणं राखायला त्यांच्याकडेच आहेत.

"गेर्लोफ, तुम्ही वोपकेच्या नकाशाला काही केलंत का?"

"केलं की. मंगळवारी संध्याकाळी सगळ्या काठ्या उपटल्या." त्यांच्या आवाजात काम नीट पार पाडल्याचं समाधान होतं. "वोपकेचा फोन आला, कापणी गुरुवारवर गेली म्हणून. मग काय, रात्रभर तशाच ठेवायच्या होत्या? बेचाळीस वेळा विचारलं तुझ्या यंत्राने, नक्की का, नक्की का. बेचाळीस वेळा हो म्हणालो. लग्नातसुद्धा मला एकदाच विचारलं होतं."

मी वोपकेच्या टॅब्लेटवरच्या रिकाम्या कुरणांकडे पाहिलं.

"पोरी? आहेस ना?"

"आहे. गेर्लोफ, आज दोनला कापणी आहे आणि नकाशावर काही नाही."

"मग लाव ना परत. मी उपटल्या, तू लाव."

"कुठे लावू? घरटं कुठे आहे ते त्या काठीच्या नोंदीतच होतं."

पलीकडून त्यांच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"म्हणजे मी घरटी पुसली," ते म्हणाले.

"ते मला इथून कळत नाही. घरी जाऊन बघावं लागेल."

"माझी वही असती तर," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

ती वही मीच बंद करायला लावली होती. चाळीस वर्षं गेर्लोफ खिशातल्या वहीत घरट्यांच्या जागा लिहायचे: पुलापासून साठ पावलं, मग चराकडे तोंड करून बारा. जानेवारीत मी त्यांना म्हटलं होतं, दोन ठिकाणी नोंद ठेवली की दोन वेगळ्या नोंदी होतात, एकच ठेवा. त्यांना ते पटलं. वही खणात गेली.

वोपकेच्या शेतापासून माझं घर सात किलोमीटर. सायकल आणि समोरून पश्चिमेचा वारा. त्या सात किलोमीटरमध्ये मी एकच ओळ आठवायचा प्रयत्न करत होते.

वेबसाइटच्या प्रत्येक पानामागे कोडचा एक तुकडा असतो, त्याला व्ह्यू म्हणतात. कुणी पान मागितलं की व्ह्यू डेटाबेसकडे जातो, हवी ती नोंद आणतो, दाखवतो. मला असे पाच हवे होते: घरट्यांची यादी आणि नकाशा, एका घरट्याची माहिती, नवं घरटं, नोंदीत बदल, आणि काठी उपटणं. पाचही सुटे लिहिता आले असते. पण मग एकच गोष्ट पाच ठिकाणी लिहावी लागते आणि पाचव्या ठिकाणी चुकते. म्हणून मी ते क्लास म्हणून लिहिले; क्लास म्हणजे कोडचा साचा, ज्यातून दुसरे साचे काढता येतात. यादी दाखवणं, नोंद घेणं, नोंद पुसणं ही कामं सगळ्यांनाच लागतात, त्यामुळे त्यांचे क्लास तयार मिळतात. आपण त्यांना एक अपत्य द्यायचं आणि त्या अपत्याला सांगायचं, तुझा तक्ता घरट्यांचा. बाकीच्या सवयी त्याला वारशाने येतात. एखादी सवय नको असेल तर तेवढीच नव्याने लिहायची.

पुसणाऱ्या क्लासची सवय साधी आहे. आधी विचारायचं, नक्की का. हो म्हटलं की नोंद कायमची पुसायची.

फेब्रुवारीत गेर्लोफ माझ्याकडे चाचणीसाठी आले होते. साखरेचा पाव खात त्यांनी एक खोटं घरटं नोंदवलं, मग त्याची काठी उपटली, आणि यादीत ते दिसेना तेव्हा म्हणाले, "काठी उपटली म्हणून घरटं जात नाही, पोरी." मी हसले. ते गेल्यावर मला ते इतकं बरोबर वाटलं, की मी एक छोटा क्लास लिहिला. त्याला एकच सवय: नोंद पुसायची नाही, काठी कुणी उपटली आणि केव्हा, तेवढं तिच्यात लिहून ठेवायचं. मग काठी उपटण्याच्या व्ह्यूला मी दोन पालक दिले, एक माझा हा क्लास आणि दुसरा तयार मिळालेला पुसणारा.

इथे एक नियम आहे. दोन पालकांच्या सवयी एकमेकींच्या विरुद्ध असतील तर ज्याचं नाव ओळीत आधी, त्याचं अपत्य ऐकतं. पहिल्यांदा मी ती नावं उलटी लिहिली होती. पुसणारा आधी. चाचणीतली नोंद चक्क नाहीशी झाली, म्हणून ते लक्षात आलं. मी नावं फिरवली. हे मला स्पष्ट आठवत होतं. पण फिरवलेली ओळ मी सर्व्हरवर चढवली का? दुसऱ्याच दिवशी मला ताप आला होता आणि आठवडाभर मी अंथरुणात होते. त्यानंतर मी काय चढवलं आणि काय चढवलं असं मला नुसतं वाटलं, हे आता वेगळं करता येत नव्हतं.

डेटाबेसची सुटी प्रत होती, पण ती मे महिन्याच्या एक तारखेची. तेव्हा वोपकेकडे नऊ घरटी होती. दर आठवड्याला प्रत घ्यायची असं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं.

चर्चच्या वळणावर वारा इतका अंगावर आला की मला उतरून चालावं लागलं. मी मनातल्या मनात ती ओळ दोन्ही प्रकारे म्हणून पाहिली. दोन्ही ओळखीच्या वाटल्या.

घरी पोचले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. कोट अंगावर तसाच ठेवून मी लॅपटॉप उघडला. कोड उघडायचा मोह झाला, पण ज्याचं मोजमाप घेता येतं त्याबद्दल तर्क करू नये, हे मला प्रयोगशाळेतल्या पहिल्या वर्षी शिकवलं गेलंय. मी थेट डेटाबेसला विचारलं: वोपकेच्या कुरणांतल्या सगळ्या नोंदी मोज, काठी असो वा नसो.

उत्तर आलं, एकोणपन्नास.

मी त्या आकड्याकडे बघत बसले. मग यादी मागितली. सात नोंदींत काठी उपटल्याची तारीख जुनी होती, एप्रिलच्या शेवटची किंवा मेच्या सुरुवातीची. ती पिल्लं बाहेर पडून गेलेली, संपलेली घरटी. उरलेल्या बेचाळीस नोंदींत मंगळवार होता. पहिली सहा वाजून एक्केचाळीस मिनिटांनी, शेवटची सात वाजून सव्वीस मिनिटांनी. प्रत्येकीपुढे नाव एकच, गेर्लोफ. आणि प्रत्येकीत अक्षांश, रेखांश, पक्षी, अंड्यांची संख्या, सगळं शाबूत.

मी उठून नळाखाली ग्लास धरला, पाणी प्यायले, परत येऊन ते बेचाळीस आकडे पुन्हा वाचले. अजून तिथेच होते.

मग मी ती ओळ उघडली. सर्व्हरवरची. माझा क्लास आधी, पुसणारा नंतर. तिच्या वर मी स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली होती, तीही मी विसरले होते: 'काठी उपटली म्हणून घरटं जात नाही. गेर्लोफ, १७ फेब्रुवारी. नावांचा क्रम बदलू नये.'

तापाच्या आदल्या दिवशी मी काम पुरं करून झोपले होते तर.

आता उपटल्याची तारीख खोडली, की काठी नकाशावर परत येणार होती. एकाच आज्ञेत बेचाळीसही झाल्या असत्या. मी आधी एकच केली, पुलाजवळची, आणि वोपकेला फोन लावला.

"टॅब्लेट बघ. काय दिसतंय?"

"काठी." तो थांबला. "एक. हिस्के, एकच?"

"थांब." मी उरलेल्या एक्केचाळीस निवडल्या, तारखा डोळ्यांखालून घातल्या आणि आज्ञा दिली. "आता?"

"अरे देवा," वोपके म्हणाला. "गोवर आल्यासारखं दिसतंय माझं कुरण."

मी इतकी मोठ्याने हसले की मांजर खिडकीवरून उतरून गेलं.

"मोज," मी म्हटलं.

"तू मोजलंस ना?"

"तू पण मोज."

तो पुटपुटत मोजत गेला. बेचाळीसवर थांबला. "बायकोला सांगतो कॉफी ठेवायला," तो म्हणाला. "आणि तू ये लवकर. तुझा म्हातारा कुरणात आहे."

"कोण?"

"गेर्लोफ! अकरापासून. बांबूचा भारा खांद्यावर आणि हातात उडीचा दांडा. मी म्हटलं, थांबा, हिस्के बघतेय. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फोन पण घरी ठेवून आलेत वाटतं."

परत जाताना वारा पाठीशी होता. सात किलोमीटर मी जणू बसूनच पार केले. चराच्या कडेने पिवळी फुलं आली होती, जाताना ती मला दिसली नव्हती.

गेर्लोफ मधल्या कुरणात होते. गवतात वाकून, एकेक पाऊल टाकत, डोकं डावी-उजवीकडे फिरवत. मागे त्यांनी रोवलेले बांबू उभे होते. मी मोजले: अकरा. गुडघ्यापर्यंत चिखल, एका बाहीवर काटेरी तारेने पडलेली चीर. मी हाक मारली तरी ते वळले नाहीत.

"चाळीस वर्षांत मी एक घरटं कापू दिलं नाही," ते गवताकडे बघत म्हणाले. "आणि परवा घरात बसून, सपाता घालून, कॉफी पीत, बेचाळीस. अकरा सापडली. पंचवीस तरी मला आठवतील असं वाटलं होतं. आठवत नाहीत, हिस्के. वही नसली की डोकं आळशी होतं."

"गेर्लोफ, सगळी आहेत."

"काय आहे?"

"घरटी. एकही गेलेलं नाही. नकाशावर परत आलीत सगळी, वोपकेने मोजली."

ते सरळ झाले. कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले, मी खोटं बोलतेय का ते तपासल्यासारखे.

"सगळी?"

मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पडदा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. बोटाने काठ्या मोजल्या. मग त्यांनी फोन मला परत दिला, बांबूचा भारा जमिनीवर टाकला आणि त्यावरच बसले.

"मग मी पुसलं काय?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही. तुम्ही काठी उपटलीत, तेवढीच उपटली गेली. तुम्हीच म्हणाला होतात, काठी उपटली म्हणून घरटं जात नाही. मी ते तसंच लिहून ठेवलं होतं."

"मी असं म्हणालो होतो?"

"फेब्रुवारीत. साखरेचा पाव खाताना."

"पाव चांगला होता तो," गेर्लोफ म्हणाले. मग त्यांच्या भुवया वर गेल्या. "तूच लिहिलंस तर तू एवढी घाबरलीस कशाला?"

"लिहिलंय हे आठवत होतं. नीट लिहिलंय का, ते आठवत नव्हतं."

यावर ते हसले, आधी नाकातून आणि मग खांदे हलवत. मीही त्यांच्या शेजारी बांबूंवर बसले. दूरच्या चरावर टिटव्या ओरडत होत्या. वोपकेच्या गोठ्यावरचं घड्याळ साडेबारा दाखवत होतं, म्हणजे आमच्याकडे दीड तास होता आणि त्या दीड तासात करायचं काहीही नव्हतं.

"चूक माझी होती," मी म्हटलं. "नकाशावर घरट्याच्या जागी मी काठी दाखवली. तुम्ही काठीशी काठीसारखं वागलात."

"तुझी होती," गेर्लोफनी लगेच मान्य केलं. "बरं झालं तूच म्हणालीस."

मी सवयीने त्यांच्या अकरा काठ्या नकाशाशी ताडून पाहिल्या. पहिल्या दहा नकाशावरच्या जागेपासून तीन-चार पावलांवर होत्या, म्हणजे तंतोतंत. अकरावी, पलीकडच्या चराजवळची, नकाशावर नव्हती.

"ही कुठली?"

"ती स्क्रीस पक्ष्याची. चार अंडी, नुकतीच उबवायला बसलीये."

"ती नोंदीत नाही."

"असं कसं नाही? तिथे—" ते थांबले. "सोमवारी तिकडे मी गेलोच नव्हतो. चराला पाणी फार होतं."

आम्ही दोघं तिकडे गेलो, मी पुलावरून, ते दांड्याने उडी मारून. लांब चोचीची, वीटकरी गळ्याची पक्षीण गवतातून उठली आणि आमच्या डोक्यावर घिरट्या घालत शिव्या देऊ लागली. गवताच्या वाटीत चार हिरवट अंडी, टोकं आत. मी फोनवर नवं घरटं नोंदवलं. त्रेचाळीस. मग आम्ही पटकन मागे सरलो, ती परत बसावी म्हणून.

दोनला वोपकेने यंत्र सुरू केलं. आम्ही पुलावर उभे होतो. पहिल्याच फेरीत पुलाजवळच्या काठीपाशी त्याने पातं उचललं, पुढे गेला, पुन्हा टेकवलं. मागे गवताचं एक छोटं बेट उभं राहिलं. मग दुसरं. यंत्र सरळ रेषेत जात नव्हतं. वोपके आत बसून नक्कीच काहीतरी पुटपुटत असणार. पावणेचारपर्यंत कुरणं उघडी पडली आणि त्यांवर गवताची त्रेचाळीस बेटं राहिली. अकरांत बांबू होते. गेर्लोफनी ते त्याच पावली उपटून आणले.

मग वोपकेच्या स्वयंपाकघरात कॉफी. त्याच्या बायकोने गुलाबी साखरेची वडी काढली. मी लॅपटॉप टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. सकाळी घाईत मी मुद्दाम दुसरं काही बदललं नव्हतं; आता घाई नव्हती. यादी दाखवणाऱ्या क्लासमध्ये मी दोन ओळी बदलल्या. आधी तो उपटलेल्या काठ्यांची घरटी वगळत होता. आता काठी उपटली, की त्या जागी फिकट गोल दिसेल आणि पिल्लं गेली असं नोंदवेपर्यंत तो गोल जाणार नाही. मग डेटाबेसची सुटी प्रत घेतली, आणि दर संध्याकाळी ती आपोआप घेतली जाईल अशी व्यवस्था केली.

"झालं?" वोपकेने विचारलं. "एवढंच? यासाठी माझ्या केसांचा रंग गेला?"

"तुझे केस दहा वर्षांपूर्वीच गेलेत," गेर्लोफ म्हणाले. "हिस्के, बाहेरच्या काठ्या मी उपटल्या. आतल्या?"

"त्याही उपटा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन माझ्याकडे सरकवला. "तू कर."

"तुमची कुरणं आहेत. तुम्हीच करा. काही होत नाही."

त्यांनी सपातांचा विषय काढला नाही. चष्मा लावला, पुलाजवळची काठी निवडली, बटण दाबलं. नक्की का, असं विचारलं गेलं. बोट बराच वेळ अधांतरी राहिलं. मग त्यांनी हो म्हटलं. काठी गेली आणि तिच्या जागी फिकट गोल उमटला.

गेर्लोफ उठले, वोपकेची दुर्बीण खिळ्यावरून घेतली आणि खिडकीशी गेले. पुलाजवळच्या बेटाकडे त्यांनी ती बराच वेळ रोखून धरली.

"बसलीये," ते म्हणाले. मग परत येऊन त्यांनी दुसरी काठी निवडली.